खालची पट्टी

ताईला पहिली नात झाली, त्या वर्षीची गोष्ट. नात नुकती पालथी पडायला लागली होती. रविवारची दुपार होती आणि मामा दुकानात एक सोफा उलटा करून त्याच्या बुडाला नवं गोणपाट ठोकत होता. ओठांत बारीक खिळे धरलेले. एकेक खिळा जिभेने पुढे सरकवायचा, बोटांनी उचलायचा आणि हातोडीच्या एका ठोक्यात बसवायचा. हे काम चालू असलं की त्याला बोलता येत नसे. तसं त्याला बोलायला फारसं आवडतही नसे.

"मेव्हणे, तोंडातले खिळे काढा," मेजर म्हणाला. "बातम्यांची वेळ झाली."

मेजर म्हणजे ताईचा नवरा, मामाचा दाजी. सैन्यात तो कधीच नव्हता. तरुणपणी भरतीला गेला होता, पण छाती दोन बोटं कमी भरली आणि त्याला परत पाठवलं. मग वीज कंपनीत घरोघर मीटर वाचायच्या कामाला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पण चालायचा ताठ, मिशीला रोज वळण द्यायचा आणि लढाईचा एकही सिनेमा सोडायचा नाही. म्हणून गल्लीने त्याला मेजर केलं. पुढे मुलगा खरोखरच भरती झाला, तेव्हा त्यांचा दोस्त कंडक्टर म्हणाला होता, बाप मेजर आणि मुलगा शिपाई, या घरात बढती उलटी चालते. मेजर त्यावर आठवडाभर हसत होता. जो भेटेल त्याला स्वतःच सांगत होता.

गेली काही वर्षं मेजरला दिसत नव्हतं. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. तरी रविवारचा नेम मोडला नाही. जेवण झालं की ताई त्याला हाताला धरून आणायची आणि दुकानात सोडून जायची. बसायला दुरुस्तीला आलेले सोफे. एखाद्या रविवारी मखमलीचा, एखाद्या रविवारी स्प्रिंगा वर आलेला. मेजर आधी हाताने चाचपून बघायचा आणि मालकाबद्दल निकाल द्यायचा. हा बसायला घेतलेला नाही, पाहुण्यांना दाखवायला घेतलाय. या घरात भांडणं फार, एकाच बाजूला दबलाय.

तिसरा कंडक्टर. सगळं आयुष्य बसमध्ये उभं राहून गेलेलं, त्यामुळे आता मिळेल तिथे ऐसपैस बसायचा. त्याचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा होता. सिनेमा लागला की पडद्यावर काय चाललंय ते मेजरला सांगायचं काम त्याचं.

पण सिनेमाच्या आधी बातम्या. फळीवर जुना टीव्ही होता, त्याचा आवाज बंद ठेवायचा. हा मेजरचाच हुकूम. ती बाई बातम्या देते की भांडी फेकून मारते, असं तो म्हणायचा. खालून जी पट्टी सरकत जाते ती ओरडत नाही, ती वाचा. आणि ती मामाने वाचायची.

मामाला वाचता येतं, हीच मुळात अलीकडची गोष्ट होती. लहानपणीच हातात हातोडी आली, पाटी आलीच नाही. भाचा भरतीचं बोलावणं येईपर्यंत घरी बसून होता, तेव्हा दिवसभर दुकानात असायचा. त्याने कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि गोणपाटाच्या उलट्या बाजूवर मामाला अक्षरं काढून दिली. आधी मामाने हसण्यावारी नेलं, मग गोडी लागली. गिरवून झालं की तेच गोणपाट सोफ्याला ठोकायचं. या गावातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत लोक आजही त्या बाराखडीवर बसून चहा पीत असतील.

मामा साधे शब्द बरे वाचायचा. जोडाक्षर आलं की अडखळायचा. तोवर पट्टी पुढे निघून जायची आणि ती फिरून येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. तुम्ही वाचेपर्यंत लढाई संपून लोकांच्या पेन्शनी सुरू होतील, असं कंडक्टर चिडवायचा. मेजर मात्र मेव्हण्याची बाजू घ्यायचा. म्हणायचा, "अडखळू दे. तो अडखळतो तिथे मला पट्टी दिसते."

एकच जोडाक्षरी नाव मामाला झटकन वाचता येत होतं. शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा भाच्याने ते शटरच्या आतल्या बाजूला खडूने मोठं लिहून ठेवलं होतं. त्याच्या चौकीचं नाव. मी कुठे आहे ते तुला ओळखता आलं पाहिजे मामा, एवढंच तो म्हणाला होता. त्याच सुट्टीत त्याने आपल्या तान्ह्या मुलीला पाहिलं. जेमतेम आठवडाभर.

बातम्यांवर गप्पा ठरलेल्या असत. सीमेवर त्या दिवसांत रोज काही ना काही चालू होतं आणि मेजरचं म्हणणं होतं की एकदाचा काय तो निकाल लावून टाकावा. पुढारी कचखाऊ, पोरं ऐषआरामी, पेपरवाले विकले गेलेले, यावर दोघांचं एकमत होतं. बोलणी होणार अशी बातमी आली की तर विचारूच नका. मेजर म्हणायचा, बोलणी करायला सोयरीक जमवायची आहे का? आणि कंडक्टर म्हणायचा, फुकट्या माणसाशी मी जन्मात बोलणी केली नाहीत, घंटी मारली आणि खाली उतरवला. दर वेळी हेच दोन विनोद, दर वेळी तेवढंच हसू. मामाचं मत कुणी विचारलंच तर तो ओठांतल्या खिळ्यांकडे बोट दाखवायचा.

सिनेमावरही त्यांचा राग होताच. आताच्या लढाईच्या सिनेमात रसद पोचत नाही पण बाई गाणं म्हणायला पोचते, अशी मेजरची तक्रार होती. हिरो आला की तो पहिल्यांदा विचारायचा, केस कापलेत का? कंडक्टर म्हणायचा, नाही. मेजर म्हणायचा, मग हरणार. हिरो जिंकला की म्हणायचा, सिनेमा आहे म्हणून.

तर त्या रविवारी मामाने खिळे काढून डबीत ठेवले, हात पुसले आणि टीव्हीसमोर उभा राहिला.

"मंत्रि... मंडळाची बैठक," त्याने सुरुवात केली. "उद्या... सकाळी. पुढचं गेलं. थांबा."

"थांबलोय," मेजर म्हणाला. "आम्हाला कुठे बैठकीला जायचंय?"

पट्टी सरकत होती. भाज्यांचे भाव गेले. कुठल्या तरी पुलाचं काम गेलं. मग ते नाव आलं. शटरवरचं. मामाने ते झटकन ओळखलं, पुढचं ओळखायला त्याला वेळ लागला. चौकीवर पहाटे हल्ला. चौकीतले सर्व जवान शहीद.

कंडक्टरने ते त्याच्या आधीच वाचलं होतं. तो सोफ्यावरून अर्धा उठला होता आणि तसाच राहिला होता. स्प्रिंग करकरली.

पट्टी फिरून आली. मामाने पुन्हा वाचलं. नावं नव्हती. त्यांची गरजही नव्हती.

"काय म्हणतंय?" मेजरने विचारलं.

"दोन्हीकडचे अधिकारी मंगळवारी भेटणार," मामा म्हणाला. "बोलणी होणार आहेत. सीमेवर सगळीकडे शांतता आहे."

मेजरने लगेच मान कंडक्टरच्या दिशेने वळवली. ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं होतं. आता घंटी वाजणार आणि फुकट्या माणूस बसमधून खाली उतरणार, म्हणून तो थांबला. वरचा पंखा फिरत होता. बाहेरून एक सायकल गेली.

"कंडक्टर?"

"हं."

"बोलणी होणार म्हणतात."

"हो," कंडक्टर म्हणाला. "ऐकलं."

मेजरचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर थोडा वेळ विसरल्यासारखं राहिलं. त्याचा हात सोफ्याच्या हातावरून फिरत होता, रेक्झिनची शिवण शोधत शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"मेव्हणे," तो म्हणाला, "आज कुठे अडखळला नाहीत."

"सवय झाली आता, दाजी."

मेजरने मान हलवली. शर्टाच्या खिशावर हात नेला, आतला फोन वरूनच चाचपला आणि हात खाली घेतला. मग म्हणाला, "सिनेमा लावा. आवाज मोठा ठेवा."

मामाने चॅनल बदललं आणि आवाज वाढवला. मग तो उलट्या सोफ्यापाशी जाऊन बसला. डबीतले खिळे उचलून त्याने ओठांत धरले. गोणपाट केव्हाच ठोकून झालं होतं.

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेव्हा ताई आली. एका हातात चहाचा थर्मास, कडेवर नात. सून धुणं वाळत घालत होती, म्हणून पोरीला घेऊन आले, असं ती आत येता येता म्हणाली. मग नेहमीसारखं विचारलं, "काय आलं रे पट्टीत आज?"

मामाने ओठांकडे बोट दाखवलं.

"याचं हे बरं आहे," ताई म्हणाली.

कंडक्टर पडद्याकडे बघत राहिला. उत्तर मेजरने दिलं. मामाने वाचले होते तेच शब्द, तसेच एका दमात.

"दोन्हीकडचे अधिकारी मंगळवारी भेटणार. बोलणी होणार आहेत. सीमेवर सगळीकडे शांतता आहे."

"म्हणजे दोघांची हसून हसून पोटं दुखली असतील."

"नाही," मेजर म्हणाला. "बोलणी झालेली बरी."

ताई चहा ओतता ओतता थांबली. नवऱ्याकडे पाहिलं. "उन्हातून आणलं ते डोक्याला लागलं वाटतं तुमच्या," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. "संध्याकाळी त्याचा फोन येईल, तेव्हा त्यालाही हेच सांगा. दर वेळी त्याला लढाईचंच विचारत बसता. जरा बरं वाटेल त्याला. आणि हिला धरा, माझा हात अवघडला."

तिने नातीला त्याच्या मांडीवर दिलं. मेजर रोज नातीच्या चेहऱ्यावरून एकदा बोटं फिरवायचा. आज त्याने फार वेळ लावला. भुवया, नाक, कानाची पाळी, हनुवटीचा खळगा, आणि परत भुवया. पोरीने त्याचं बोट धरून तोंडात घातलं.

"नाक तुमच्यावर गेलंय," ताई म्हणाली.

"माझ्यावर नाही. त्याच्यावर."

कप रिकामे झाले. ताई निघायला लागली. घरी धान्य निवडायचं पडलं होतं, आणि लढाईचा सिनेमा तिने कधी पाच मिनिटं बघितला नव्हता. धडाधड आवाज आणि मेलेली माणसं, त्यात बघायचं काय, असं तिचं म्हणणं.

"बस जरा," मेजर म्हणाला. "संपेपर्यंत बस."

"मी? तुमच्या सिनेमाला?"

"बस म्हणतो ना."

ती बसली. बिचकतच बसली, दुसऱ्याच्या सोफ्यावर बसावं तशी. मग हळूहळू मागे टेकली. कंडक्टरने घसा साफ केला आणि आपलं काम सुरू केलं. आता टेकडी चढतायत. पाऊस लागलाय. एकाच्या पायाला लागलंय, दुसऱ्याने त्याला पाठीवर घेतलंय. त्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचत नव्हता. मेजरपर्यंत कसाबसा पोचत होता.

"हिरोचे केस कापलेत का?" मेजरने विचारलं.

पडद्यावर हिरोच्या कानांवर केस रुळत होते.

"कापलेत," कंडक्टर म्हणाला. "बारीक कापलेत."

ताईने पडद्याकडे आणि मग कंडक्टरकडे पाहिलं. मेजरच्या मांडीवरच नात झोपली. मेजरने तिचं डोकं हाताच्या खोबणीत नीट घेतलं आणि दुसरा हात खिशावर ठेवला. फोन वाजला नाही. वाजला असता तरी टीव्हीच्या आवाजात ऐकू आला नसता, पण त्याचा हात खिशावरच होता.

शेवटी सगळे जिंकले. टेकडीच्या माथ्यावर झेंडा लागला, एक जण वारला आणि बाकीच्यांनी टोप्या काढल्या. एरवी या जागी मेजर दिग्दर्शकाला दोन शिव्या हासडायचा. आज त्याने नातीचं डोकं छातीशी धरलं.

"चांगला होता की," ताई म्हणाली. "मला उगाच वाटायचं." तिने पदराने डोळे टिपले, सिनेमातल्या त्या एका जवानासाठी. मग तिने नातीला उचललं.

मेजर उठला. दर रविवारी तो ताईच्या खांद्यावर हात ठेवून जायचा. आज त्याने हात पुढे केला आणि मामाने तो आपल्या खांद्यावर घेतला. घरापर्यंत मी येतो, असं तो म्हणाला नाही, पण ते सगळ्यांना कळलं. कंडक्टरने टीव्ही बंद केला. बातम्यांचं चॅनल पुन्हा लागू नये म्हणून त्याने तारही काढून ठेवली.

बाहेर ऊन उतरलं होतं. मामाने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि कुलपावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला.

"चल रे," पुढे गेलेल्या ताईने हाक मारली. "फोनची वेळ होईल. आणि तोंडातले खिळे काढ आधी."

त्याने खिळे हातावर काढले आणि खिशात टाकले.

त्या संध्याकाळी मेजर फोन मांडीवर घेऊन बसला, आणि त्याने ताईला सांगितलं की तिकडे कधीकधी रेंज नसते.

मेजरचा मुलगा त्या रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, चौकीवर मारला गेला. ताईला ते सोमवारी सकाळी कळलं.