सुटलेल्या कातडीचा निरोप

मी बोलतेय, पोटावरची कातडी. दचकू नका. गेंड्याची नव्हे, एका साध्या बाईची. चष्म्यांच्या दुकानात काउंटरला असते ती. आत्ता आम्ही दोघी दवाखान्यात आहोत. डॉक्टरांनी नुकत्याच माझ्यावर निळ्या पेनाने दोन रेघा ओढल्यात, एक खाली या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, दुसरी बेंबीच्या वरून. मधली मी. थोड्या वेळाने मला कापून टाकणार आहेत. तोवर काय सांगायचंय ते सांगून घेते.

माझी बाई आणि मी एकदमच जन्मलो. लहानपणी मी तिच्या अंगावर अगदी बेतात बसायचे. लग्नानंतर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं तेव्हा सगळे म्हणाले, "मानवलं हो सासर!" मुठीचं घमेलं झालं तेव्हा कुणी काही म्हणेनासं झालं, नुसते बघायचे. मी आपली ताणत राहिले. माझं कामच ते. कुरकुर केली नाही असं नाही. जागोजागी तडकले, त्या पांढऱ्या रेघा अजून आहेत.

मग लेक झाली. मला खालच्या बाजूला आडवं कापून तिला बाहेर काढलं, टाके घातले. तो व्रण मी फार मिरवला. मनातल्या मनात, कारण दाखवणार कुणाला?

लेकीला घरात खारू म्हणतात, कारण पोरगी एका जागी म्हणून टिकत नाही. पण दुपारच्या सुट्टीत बाई जेवायला घरी आली, की खारू शाळेचे कपडे न बदलताच तिच्या पोटावर डोकं टाकायची आणि तिथंच गाढ झोपायची. "माझी गादी," म्हणायची. तिच्या तोंडातली लाळ माझ्यावर सुकायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी त्या दुपारी सांगेन.

पण बाईची साखर वाढली. गुडघे बोलायला लागले. झोपेत श्वास अडकायचा आणि शेजारी नवरा घाबरून उठून बसायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, मजबूत गडी, पण तो आवाज आला की तिला गदागदा हलवून जागं करायचा. शेवटी ऑपरेशन ठरलं. पोटाच्या आतली पिशवी लहान करायची, म्हणजे भूकच कमी.

निघताना बाई दारात वाकली. "येते हं, खारू."

"लवकर ये."

"येतेच."

आली की. पण आली ती घटायलाच लागली. चार घासांत पोट भरायचं. पाचवा घेतला तर मोरीकडे पळायची. जेवताना पाणी चालत नाही, म्हणून घोट तोंडात फिरवून थुंकायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. भर दुपारी थंडी वाजायची. आणि चरबी? इतकी वर्षं तिला मी सांभाळलं, पण जाताना तिने सांगितलंसुद्धा नाही. रोज थोडी थोडी निघून गेली. वर्ष सरता सरता माझ्या आत काही उरलंच नाही. मी लोंबायला लागले.

साखर उतरली, श्वास मोकळा झाला. नवरा रात्रभर झोपायला लागला. ते चांगलंच झालं, मी कशाला खोटं बोलू? पण त्या घरातून एक बाई कमी झाली होती, आणि तिच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता.

ती गेलेली जाडी बाई मात्र गेली नव्हती. तुम्ही हसाल, पण मी तिच्यासोबत राहिलेय. माझी बाई दुकानात काउंटर आणि भिंतीच्या मधून अजून आडवी होऊनच जायची, कुणासाठी जागा करत असल्यासारखी. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची हाताने दाबून बघायची. लिफ्टमध्ये चार माणसं दिसली की "तुम्ही व्हा पुढे" म्हणायची. पलंगावर नवरा अजून काठाला अंग चोरून झोपायचा आणि मधली जागा रिकामी राहायची. त्या रिकाम्या जागेची गादी तेवढीच खोलगट होती. कधीकधी मला माझ्या आत पुन्हा भार भरल्यासारखा वाटायचा. मी सुखावून बघायचे तर आत कुणीच नसायचं.

चष्म्याच्या दुकानात म्हणजे चहूकडे आरसे. एकदा समोरून एक बारीक, ओढलेल्या चेहऱ्याची बाई आली. माझी बाई पटकन बाजूला सरकली आणि म्हणाली, "या ना, बसा. काय दाखवू?" आरशातलीही सरकली. एक गिऱ्हाईक खो खो हसलं. बाईही हसली, पण नंतर किती वेळ तिचे हात गार होते ते मला माहीत आहे. तेच हात तिने माझ्यावर घट्ट दाबून धरले होते.

बाकी लोकांचं एकच. "अगं बाई, ओळखूच आली नाहीस!" सगळे कौतुकानेच म्हणायचे.

आणि मला ती लपवायची. सकाळी मला गुंडाळून, वर ढकलून, रुंद पट्ट्यात कोंबायची. आंघोळीला आरशाकडे पाठ. नवऱ्याचा हात आला की कुशीवर वळायची. तो म्हणायचा, "अगं, मला काही वाटत नाही." ती म्हणायची, "मला वाटतं ना." माझी घडी घामाने भिजायची, आतून सोलवटायची, चुरचुरायची. वास यायचा. ती पावडर टाकायची आणि रडायची. मला शिव्याही द्यायची. ऐकून घेतल्या मी. बोलणार काय? शेवटी तिने मला कापून काढायची तारीखच घेतली.

खारूने एकदा सवयीने डोकं टेकवून पाहिलं होतं. पट्ट्याची कडा गालाला लागली. "टोचतंय," म्हणाली आणि उठून गेली. बाईने हसण्यावारी नेलं. त्यानंतर बाई दुपारी घरी येईनाशी झाली. सुट्टीत चालायला जायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. खारू शाळेतून आली की शेजारच्या काकू दार उघडून द्यायच्या, मध्येच डोकावून जायच्या.

मग परवाची ती दुपार आली. माझी घडी इतकी चिघळली होती की बाईला उभं राहवेना. मालकांना सांगून ती घरी आली. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या, आतल्या खोलीचं दार लोटलं.

पलंगावर ती झोपली होती.

ती म्हणजे ती, जाडी. जांभळा गाऊन, भिंतीकडे तोंड, कमरेचा तो उंचवटा, ते भरलेलं पोट. आणि त्या पोटावर डोकं ठेवून खारू झोपलेली, तोंड उघडं. बाई दारातच एक पाऊल मागे सरली. खरं सांगू? मलाही क्षणभर वाटलं, ही जिवंत आहे, मेलोय ते आम्ही. आम्हीच उगाच या घरात फिरतोय.

बाई किंचाळली. खारू धडपडून उठली आणि गाऊनच्या गळ्यातून उशी बाहेर घरंगळली. पाठोपाठ रजईचं टोक. बाईने मोठे कपडे सगळे वाटून टाकले होते. हा एक गाऊन सापडला नव्हता.

"काय आहे हे?"

"काही नाही."

"खारू, काय आहे हे?"

"आई आहे," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"आई मी आहे!"

खारू फरशीकडे बघत राहिली. "तू दवाखान्यात जाताना येते म्हणाली होतीस."

"मग आले की!"

"तू आलीस. ती कुठे आली?"

बाईने रागारागाने गाऊनमधली रजई ओढून काढली. मग एकदम थांबली. कुर्ता वर केला, पट्ट्याचं वेल्क्रो कर्रकन उपसलं आणि मी बाहेर पडले, लोंबत, लालभडक, वास मारत. "बघ! तिचं उरलंय ते एवढंच. बघ नीट!"

पोरीला घाबरवायला म्हणाली असेल. मला मात्र लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांनी पोर बघणार, आणि ती मला अशी बघणार!

खारू पुढे आली. एक बोट लावलं. मग गाल. किती तरी वेळ तशीच राहिली. "मऊ आहे," म्हणाली. "तशीच आहे."

बाई पलंगाच्या कडेला बसली. खारूने दोन्ही हातांनी मला जपून उचललं आणि खाली बघितलं. "हे दुखतं?"

"हो."

"रोज?"

"रोज. म्हणून तर काढून टाकायचंय."

"आणि ही रेघ कसली?"

"तू तिथून आलीस."

"तीपण काढणार?"

"हो गं."

"मग ती परत येणार नाही?"

"मी येईन. ही नाही येणार."

खारूने बराच विचार केला. "मग तिला जाते म्हणायला सांग."

"असं म्हणतं का कुणी निघताना?"

"मागच्या वेळी येते म्हणाली. मी वाट बघत बसले."

बाईने पोरीला जवळ ओढलं आणि माझ्यावर एकीचं डोकं, दुसरीचे हात, अशा दोघी रडल्या. त्या जाडीसाठी या घरात पहिल्यांदा कुणी रडलं. खारट पाण्याने माझी सोलवटलेली घडी आणखी चुरचुरली, पण मी हूं की चूं केलं नाही.

आज सकाळी निघताना नवरा लिफ्ट अडवून उभा होता. "अगं, चल ना, लोक खोळंबलेत!" बाई दारात थांबली. खारूने कुर्ता वर केला, गाल टेकवला आणि वाट बघत राहिली. बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिच्या त्या जुन्या, धापा टाकणाऱ्या आवाजात म्हणाली, "जाते गं, खारू."

"हं. जा," खारू म्हणाली. "दुखणार नाही आता तुला."

"आणि मी येते हं," बाई स्वतःच्या आवाजात म्हणाली.

"तू ये."

तर अशी ही माझी गोष्ट. बेंबी राहणार आहे म्हणे, तिला नवी जागा करून देणार आहेत. माझं काय करतात ते मी विचारलं नाही. माझी बाई बरी होऊन दुकानात गेली तरी काउंटरमागून आडवी होऊनच जाईल, याची मला खात्री आहे. जाऊ द्या तिला, हसू नका. तुमच्या घरातलं कुणी असं बारीक झालं तर कौतुक जरूर करा, पण जे गेलं त्याचीही कुणी वाट बघत असेल, तेवढं बघा.

ट्रॉलीची चाकं वाजतायत. बाईने चादरीखालून हात घातलाय आणि मला धरलंय. आज तिचा हात गरम आहे.

जाते.