प्रभावतीची चार सेकंदांची हाक

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुतळी आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी मी पडून असते. माझ्या पोटात नाचाचे सहा तुकडे आहेत. गाणी नव्हेत हं! त्यांत शब्द नाहीत, नुसती यंत्रांची धडधड. पण एके काळी त्या धडधडीनं गोव्यातल्या मांद्रे किनाऱ्याचा अख्खा शनिवार नाचायचा.

मला भरलं गुरुदासनं. गोवा राज्य होऊन पाचेक वर्षं झाली असतील. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकून भरायचं, आणि घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही! कुठल्या तुकड्यानंतर कुठला, हे ठरवण्यात त्यानं सगळा पावसाळा घालवला. "सगळ्यात भारी तो पयलो लावचो नाय," तो म्हणायचा, "पयली लोकांची लाज मोडूक व्हयी."

तिसऱ्या तुकड्यात ढोल एकदम थांबतो. नेमका तिथेच स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा, प्रभावतीचा आवाज आला, "गुरूऽऽ, पेज निवली रे!" आणि लगेच ढोल सुरू. गुरुदासनं कपाळावर हात मारला. पण शनिवारी संध्याकाळी कमलाक्षीच्या खानावळीसमोरच्या मांडवात ती हाक वाजली आणि काय सांगू! कोपऱ्यात हात बांधून उभे असलेलेही हसत हसत आत शिरले. पुढच्या शनिवारी सगळा मांडव तिच्याबरोबर ओरडला. प्रभावती सुरूच्या झाडाखाली उभी राहून पदराआड हसायची.

त्या हाकेवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून गुरुदासनं माझ्या पाठीवरचे दोन्ही चिमुकले दात मोडले. दात नसले की कॅसेटवर नवं भरता येत नाही. मी निर्धास्त झाले.

मग सगुण आला. गुरुदासचा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्या ताटात जेवलेला. दुसऱ्या किनाऱ्यावर एका हॉटेलवाल्याला नाच रंगवणारा माणूस हवा होता. "एकच शनिवार दी रे माका," सगुण म्हणाला, "सोमवारी हाडून देतंय." गुरुदासनं मला आपल्या रुमालात गुंडाळून दिलं.

सगुणनं हॉटेलवाल्याला सांगितलं, "ही सगळी निवड माझी." पण हाकेत गुरूचं नाव होतं ना! मग त्यानं मोडक्या दातांच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे यंत्राला दात आहेत असंच वाटतं, आणि हाक पुसायला भरण्याचं लाल बटण दाबलं. चार सेकंद. बस्स. मला ओरडता आलं नाही. उलट त्या संध्याकाळी मी त्याच्यासाठीही मांडव नाचवला! त्याची मला अजून चीड येते, माझी स्वतःचीसुद्धा.

सोमवारी मी परत आले. रुमाल धुऊन इस्त्री केलेला होता.

शनिवारी तिसरा तुकडा लागला. ढोल थांबला. ओरडायला सगळ्यांनी छाती भरून घेतली आणि नुसती खरखर! ढोल परतला तोही पहिला ठोका गमावून. पावलं चुकली, नाच थांबला. सगुण तिथेच होता. "जुनी कॅसेट ती, आपसूक पुसली आसतली," तो म्हणाला.

गुरुदासनं मला बाहेर काढून पाठीवर अंगठा फिरवला. चिकटपट्टी लागली. ती त्यानं नखानं सोलली आणि सगुणच्या तळहातावर चिकटवली. त्या दिवसानंतर ते दोघे बोलले नाहीत.

प्रभावती झाडाखालून म्हणाली, "जाऊ दी रे. माझ्या आवाजात काय असा?" आणि घरी निघून गेली. मांडवाकडे ती पुन्हा फिरकली नाही.

गुरुदासनं नवी हाक भरून बघितली. यंत्रासमोर पदर सावरून आई ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुदास, पेज थंड झाली आहे." अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं! दोघं हसले. ते त्यानं माझ्यावर भरलं नाही.

मित्रांनो, कुणाची वस्तू मागून आणलीत तर खुशाल वापरा. वापरलं की आम्हाला बरंच वाटतं. पण तिच्यावरची दुसऱ्याची खूण तुमच्या सोयीसाठी पुसू नका. तुमच्या लेखी ती चार सेकंदांची असेल.

गुरुदासचे केस आता पांढरे झालेत. कधीतरी तो मला लावतो. तिसऱ्या तुकड्यात ढोल थांबला की त्याची मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळते. तिथे आता पेज कुणी करत नाही.