विकणाऱ्याचं नाव

शेअर हस्तांतरणाच्या फॉर्मवर पंजाबरावांनी सही केली, पण फॉर्म दलाल ओमप्रकाशच्या हातात दिला नाही. बाकीचं मी भरून घेतो, असं तो म्हणत होता. भिलाईतल्या सुपेला बाजारातल्या त्याच्या माडीवर शेअर घेणारे-विकणारे जिन्यापर्यंत उभे होते, आणि त्याला घाई होती. पंजाबरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि विकणाऱ्याच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेतल्या पोरासारखं मोठ्या अक्षरात कोरून लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णवच्या तेजीत, असाच एक फॉर्म त्यांच्या घरी आला होता. पोलादाच्या प्लँटच्या कँटीनमध्ये सोबत काम करणाऱ्या जानरावांनी या सिंथेटिक कापडाच्या कंपनीची टीप दिली होती. मीही घेऊन राहिलो, अशी शपथसुद्धा घेतली होती. बायकोच्या, कमलिनीच्या, पाटल्या मोडून पंजाबरावांनी शेअर घेतले, आणि फॉर्मवर विकणाऱ्याचं नाव निघालं जानरावांचं. पुढच्या महिन्यात भाव कोसळला. पंजाबराव एका शब्दाने बोलले नाहीत. रोज त्याच टेबलावर बसून त्या माणसासोबत चहा घेत राहिले. मनातला राग मात्र त्यांनी फार जपला.

घरात त्यानंतर एक वही आली. काय घ्यायचं, काय विकायचं आणि का, हे आधी लिहायचं. तीन दिवस थांबायचं. मग कमलिनीने खाली सही केली तरच सुपेल्याला जायचं. पहिल्या पानावर तिने स्वतः लिहिलं होतं, लोभात घ्यायचं नाही, रागात विकायचं नाही. दर रविवारी पंजाबराव कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत. त्या सिंथेटिकवाल्यांचा अहवाल तर त्यांना तोंडपाठ होता. निम्म्या मशिनी बंद, कर्ज दुप्पट. विकायचं असं वहीत तीनदा ठरलं, आणि तीनदा पंजाबरावांनी टाळलं.

यंदा बाजार पुन्हा चढला, आणि जानराव रिटायर झाले. फंडाचा पैसा हातात घेऊन ते गेल्या रविवारी क्वार्टरवर आले. त्या कंपनीत पुन्हा हालचाल दिसून राहिली, घेऊ का, म्हणून विचारू लागले.

"घेऊ नका, भाऊ," पंजाबराव म्हणाले. "कंपनी सडली हाये. हा अहवाल घ्या, घरी वाचून पाहा."

जानरावांनी अहवालाला हात लावला नाही. ते पंजाबरावांच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि मग हसले.

"तुले अजून गोळा करायचे हायेत, म्हणून मले हाकलून राहिला. मी काय तुले आज ओळखतो का?"

पंजाबरावांनी पुन्हा एकदा नको म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्याने जन्मात कुणाला खरी टीप दिली नाही, त्याला दुसऱ्याचं खरं कसं पटणार? सोमवारी जानराव तेच शेअर घ्यायला ओमप्रकाशकडे पोचले. एवढे शेअर अख्ख्या भिलाईत पंजाबरावांकडेच होते, म्हणून ओमप्रकाशने त्यांना, जानरावांना हवेत, विकता का, असा निरोप धाडला.

फॉर्म देऊन पंजाबराव घरी आले तेव्हा कमलिनी अंगणात तांदूळ निवडत होती. त्यांनी विकल्याचं सांगितलं. ती उठली, हात पुसले आणि वही घेऊन आली. पंजाबरावांनी त्या सकाळी विक्रीची कारणं लिहिलेल्या पानावर तिची सही नव्हती.

"कारणं तर जुनीच हायेत," ती वाचून म्हणाली. "मंग आजच कावून इकले?"

पंजाबरावांना तिच्याकडे बघवेना. दोन वर्षं पाळलेला नियम त्यांनी एका सकाळी मोडला होता, आणि त्याचा पस्तावा मनात शोधूनही सापडत नव्हता. खोटं मात्र त्या वहीत कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि कारणांच्या खाली एकच शब्द लिहिला, जानराव.

कमलिनीने तो वाचला. पाटल्या गेल्यापासून तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. त्या तिने कोपराकडे सरकवल्या.

"फॉर्मवर नाव कोणं लिवलं? ओमप्रकाशनं?"

"नाही. मी."

"वाचता येईन ना जानरावले?"

"चष्म्याबिगर येईन."

तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि तीन दिवस न थांबता सही केली.