कोठीतला कागद

तात्यासाहेबांनी दाव्याच्या अर्जावर सही केली आणि वरचा मजकूर तळहाताने झाकून पेन बायकोपुढे, आवडाबाईंपुढे, धरलं. गारखेड्याच्या टपाल कचेरीतल्या कारकूनबाईंना साक्षीदाराची सही हवी होती.

महिनाभर त्यांनी बायकोला ताकास तूर लागू दिला नव्हता. सोनियाची, त्यांच्या लेकीची, नर्सिंगची मूळ गुणपत्रिका त्यांनी पिशोरहून विमा उतरवून पुण्याला पाठवली आणि ती वाटेतच गहाळ झाली. येत्या सोमवारी कागदांची तपासणी होती. मूळ प्रत नसली तर नोकरी गेली. टपालाने पाठवू नका, असं आवडाबाईंनी बजावलं तेव्हा त्यांनी तिला गप्प केलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? आईला सांगू नकोस, अशी लेकीलाही त्यांनी शपथ घातली होती. गारखेड्याला डोळे दाखवायला म्हणून आणलेली बायको अशी नेमकी साक्षीदार झाली.

कारकूनबाईंनी अर्ज ओढून घेतला आणि खणखणीत आवाजात वाचला. हरवलेली वस्तू, मूळ गुणपत्रिका.

आवडाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ह्याच्यावर माझी सही व्हायची नाय, बाई. त्यात रंगीत झेरॉक्स होती. अस्सल गव्हाच्या कोठीत हाय."

पाकीट कापडात शिवायला तात्यासाहेबांनी तिच्याकडेच दिलं होतं. एक अस्सल कागद परक्या हाती गेला आणि तिच्या माहेरचं चार एकर रान गेलं, तेव्हापासून असा कागद ती उंबरठ्याबाहेर जाऊ देत नसे. लेकीने मागितला की स्वतः नेऊन देणार होती.

तात्यासाहेब बाकावर बसले. तिला रागवायला हवं होतं खरं, पण जीव भांड्यात पडल्यावर राग आणायचा कुठून? त्यांनी सोनियाला फोन लावला आणि तो बायकोच्या हाती दिला. उद्याच्या गाडीने कागद घेऊन येते, एवढंच आवडाबाई लेकीशी बोलल्या.

दावा मागे घेऊन दोघं बाहेर आली. पायरीवर तात्यासाहेब थबकले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी घराचं खरेदीखत धाकट्या भावाला, पुंजारामला, गुपचूप दिलं होतं, आणि तो ते परत करत नव्हता.

"अगं, ट्रंकेतलं खरेदीखत..."

"ट्रंकेत पयल्यापासून झेरॉक्सच होती. भाऊजींनी तीच नेली."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय. तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते."

तात्यासाहेब पायरीवरच बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.