बारक्याच्या छातीत दुखलं तेव्हा

आमच्या घरात पाण्याचे पंप दुरुस्त होतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना एकच अक्कल: आवाज करतो तो बिघडलेला, गप्प चालतो तो ठणठणीत. तीच अक्कल आम्ही माझ्या धाकट्या भावाला लावली. बारक्याची पूर्वी दिवसभर टकळी चालायची. मग तो हळूहळू गप्प झाला, जेवण कमी झालं, सुट्टीला पांघरुणातून बाहेर येईना. बाबा मात्र कौतुकानं सांगत सुटले, "पोरगं सुधारलं हो!" मीही मान डोलावली. सुधारलं डोंबल!

परवा वर्कशॉपमध्ये पंप उचलताना तो छाती धरून खालीच बसला. घामाघूम! सव्वीस वर्षांचं पोर! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हातातला पाना टाकून मी गाडी काढली आणि बाबांनी त्याला दवाखान्यापर्यंत धरून ठेवलं.

तिथं छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हार्ट अटॅक नाही. हृदय चांगलं आहे. रक्तदाब तेवढा या वयाला जास्त आहे."

सुटले बाई, म्हणून मी भिंतीला टेकले. आणि हा हमसून हमसून रडायला लागला. माझं डोकंच फिरलं. "अरे, रडतोस काय? चांगली बातमी आहे!"

"ताई, मला वाटलं होतं, हृदयातच काहीतरी निघेल. म्हणजे तुम्हाला सांगता तरी आलं असतं. वर्षभर सकाळी उठावंसंच वाटत नाही गं. याला काय नाव सांगू?"

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "नैराश्य म्हणतात याला. खरा आजार आहे आणि बरा होतो. अंगावर काढला तर झोप उडते, हालचाल कमी होते, रक्तदाब चढतो, पुढे हृदयालाही धोका वाढतो. तू वेळेत आलास." मनाच्या डॉक्टरांची खोली त्याच मजल्यावर होती; आत्ताच त्यांना भेटा, म्हणाल्या.

बारक्यानं बाबांकडे चोरून पाहिलं. आता बाबा म्हणणार, लोक काय म्हणतील! मी भांडायला कंबर कसली.

बाबा उठले आणि त्याच्यापुढे हात केला. "चल. उठतोस का उचलून नेऊ?"

"बाबा, तुमची कंबर!" तो रडता रडता हसला.

"कंबरेचं नंतर बघू." मग त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "पण छातीत दुखायची वाट कशाला बघितलीस रे? नुसतं 'नको वाटतंय' म्हणाला असतास, तरी आणलं असतं तुला."