पाठमोरी नाव

आमच्या घराण्याला गावात ‘उलट्या नावेवाले’ म्हणतात. तोंडावर नाही, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

कारण धर्मशाळेतलं चित्र. माझे पणजोबा कासम पेंटर यांनी नव्वद वर्षांपूर्वी ते भिंतभर रंगवलं. तापीला पाणी चढलंय, महाराजांची स्वारी नावेतून येतेय, घाटावर चौघडा, तोरणं, ओवाळायला थांबलेल्या बाया, आणि सगळ्यांत पुढे हार घेऊन उभे असलेले, गावातले कापसाचे व्यापारी झुंबरलालनाना यांचे आजोबा. पागोट्यांचे पीळसुद्धा मोजून घ्यावेत असं काम. फक्त महाराजांच्या नावेचं तोंड घाटाकडे नाही. घाटाकडे तिची पाठ आहे आणि तोंड नदीच्या वरच्या अंगाला. “महाराज येताहेत की रुसून चाललेत?” हा विनोद पार शिरपूरपर्यंत पोचलेला.

माझे अब्बा नूर महंमद हेही पेंटर. अर्ध्या तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण धर्मशाळेवरून जाताना साठ वर्षांत त्यांनी मान वर केली नाही.

यंदा धर्मशाळेची डागडुजी निघाली आणि विश्वस्त म्हणून नानांनी मला बोलावलं. मी शाळांच्या भिंती रंगवते. “मिसबाह, रंग उजळून दे, आणि ती नाव एकदाची घाटाकडे वळव. धुळ्याहून पाहुणे येणार आहेत, पुन्हा हसं नको.”

माझं डोकंच फिरलं. पणजोबांचं चित्र मी बदलायचं? घरी येऊन तणतणले, तर अब्बा शांतपणे म्हणाले, “घुमा दे बेटा. मेरे जीते जी ये हँसी बंद कर दे.” मला रडू आलं. त्यांनाही ती चूकच वाटत होती तर.

वळवायचीच तर नीट वळवू, म्हणून नाव घाटाला कशी येते ते बघायला मी नदीवर गेले. अब्बांना सोबत घेतलं. नानाही आले, कारण पेंटरांना काही कळत नाही असं त्यांचं जुनं मत आहे. बेबाबाईंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नाव आहे. पलीकडच्या शेतांत जाणारी माणसं त्याच उतरवतात. खालच्या बॅरेजचे दरवाजे उघडले होते, पाण्याला चांगली ओढ होती.

आम्ही पलीकडे जाऊन परत निघालो. घाट दिसू लागला तसे नाना सरसावून बसले. “अक्का, सरळ घ्या. नावेचं तोंड घाटाकडे करा, पोरीला बघू दे.”

“नाना, तुम्हीन कपास तोला. नाव मी लावस,” बेबाबाई म्हणाल्या.

त्यांनी नाव घाटाच्या बरीच वर नेली. मग तिचं तोंड धारेच्या समोर धरलं, वल्ही हळूहळू मारत राहिल्या आणि नाव मागे मागे सरकू दिली. घाट आमच्या पाठीशी येत गेला. पायरीला नाव टेकली तेव्हा नानांच्या मांडीवरची टोपीसुद्धा हलली नाही.

“अशी का लावली?” मी विचारलं.

“पानीकडे पाठ करी आनशी, त धार नावले घाटवर आदळी दी. तोंड वरे ऱ्हायनं, का नाव हातमा ऱ्हास. बठ्ठा नावाडी अशीच लावतस.” बठ्ठा म्हणजे सगळे, एकूण एक.

अब्बा ताडकन उभे राहिले. नाव डुचमळली, मी त्यांचा हात धरला. त्यांनी नावेचं तोंड पाहिलं, वळून घाट पाहिला, पुन्हा तोंड पाहिलं. “दादा ने यही बनाया है,” ते म्हणाले. “बिलकुल यही.”

मला इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की दोन्ही एकदम सोसेनात. पणजोबा पुराच्या पाण्यात नावेत बसले असणार, नावाड्याचे हात बघत. महाराजांना घाटावर आदळायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. नव्वद वर्षं हसणाऱ्यांत नावाडी एकही नव्हता, आणि नावाड्यांना कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

नाना पायऱ्या चढून गेले, वर जाऊन थांबले. “नावेला हात लावू नकोस,” एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून तेवढं निघालं हेही पुष्कळ झालं.

उद्घाटनाच्या दिवशी धुळ्याचे मुख्य पाहुणे चित्रापुढे थांबले आणि हसले. “अहो, पेंटरनं नाव उलटी काढली की!”

नानांनी तोंड उघडलं, पण अब्बा त्यांच्या पुढे होऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मान ताठ, आवाज पार फाटकापर्यंत जाईल असा.

“साहेब, पुरात कधी नावेत बसलात?”

पाहुणे गडबडले. “नाही. आपण कोण?”

“मी कासम पेंटरचा नातू,” अब्बा म्हणाले. “या, समजावून सांगतो.”