डावी बाजू

"काय म्हणाले मी आत्ता?" धाकटीनं विचारलं.

ताई बुटाची नाडी आवळत होती. "काहीतरी बोललीस खरं. नाडीकडे लक्ष होतं माझं."

"तुझ्या डाव्या कानाशी बोलले. दोनदा."

"मग आता उजवीकडून बोल."

कपडे बदलायच्या खोलीत संघातल्या बाकीच्या मुली होत्या. धाकटीनं आवाज खाली आणला. "सरांना सांग, ताई. नाहीतर मी सांगते."

"आज उपांत्य सामना आहे. उद्या सांगू."

"उद्या-उद्या करत अर्धं वर्ष काढलंस."

"आणि तू तोंड उघडलंस, तर घरी येऊ नकोस." ताई हसून म्हणाली आणि नाडीची गाठ सोडून पुन्हा आवळायला लागली.

ताईची नजर लहानपणीच तापात गेली. अंधशाळेत पोरी चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून खेळायच्या. सळसळ ऐकायची आणि धावत सुटायचं. पुढे आत खुळखुळे असलेला खरा चेंडू मिळाला, संघ मिळाला, देशाची जर्सी मिळाली. चौतिशी गाठली तरी बचावाला तिच्या तोडीची दुसरी कुणी नव्हती. अंधांच्या या फुटबॉलमध्ये चौघी अंध, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या, आणि गोलरक्षक तेवढी डोळस. ती धाकटी. टेबलाचा कोपरा कुठे, पायरी कुठे, हे ताईला सांगतच ती मोठी झाली, आता गोलपोस्टमधून सांगायची, "पुढे ये, सरक, थांब!"

डावा कान नेमका कधी गेला, ते ताईलाही कळलं नाही. ती एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. एके दिवशी पलीकडचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं रिसीव्हर बदलून दिला, मग पुन्हा बदलून दिला. "बाई, आता फोन सोडून दुसरं काहीतरी तपासा," तो चेष्टेत म्हणाला. तो गेल्यावर तिनं रिसीव्हर उजव्या कानाला लावला. माणूस विहिरीतून वर आला.

डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, परत यायची नाही. तेव्हापासून आवाज यायचा, पण कुठून येतोय ते कळायचं नाही. रस्ता ओलांडताना ती कठड्याशी उभीच राहायची.

मैदानात मात्र तिनं युक्ती काढली होती. दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंच फळ्या असतात. ताई डावीकडच्या फळीला चिकटून खेळायची. तिथून कोण येणार?

पूर्वार्ध तसाच निभावला. प्रेक्षक चिडीचूप, चेंडू खेळात असताना त्यांना बोलायची बंदी असते. चेंडूवर चालून जाणारीनं 'वॉय' असं ओरडायचं, म्हणजे मी येतेय. नाही ओरडली तर फाउल. समोरच्या संघातली एक पोरगी सारखी चालून येत होती. कोवळा, खणखणीत आवाज: "वॉय! वॉय!"

उत्तरार्धात उजवीकडच्या मुलीचा पाय मुरगळला. सर ओरडले, "ताई, तू उजवीकडे ये!"

आता डावीकडे अख्खं मैदान मोकळं होतं. प्रत्येक पावलाला ती मान वळवून उजवा कान पुढे करत होती. चेंडू पायाशी आला. ती तो घेऊन निघाली, डावीकडे वळली, आणि कपाळावर काहीतरी आदळलं. दात. शेजारी कुणीतरी धपकन पडलं.

शिट्टी वाजली. दोन्हीकडच्या सूचनांच्या आरडाओरड्यात लांबच्या पंचबाईंना 'वॉय' ऐकू आलं नव्हतं. त्यांनी त्या पोरीवर फाउल दिला. तिचा पाचवा, म्हणून नियमानं ती बाहेर. त्या संघाचे एकूण फाउलही मर्यादेबाहेर गेले, म्हणून ताईच्या संघाला पेनल्टी.

"मी ओरडले होते!" पोरगी रडत होती. तोंडातल्या रक्तानं शब्द बोबडे येत होते. "देवाशपथ ओरडले होते! कुणीतरी सांगा ना!"

धाकटी धावत आली. "लागलं का गं?"

"ती ओरडली होती का?"

धाकटी तिचं कपाळ चाचपायला लागली.

"उजवीकडे आहेस माझ्या. ऐकू येतंय मला. बोल."

"ओरडली होती," धाकटी म्हणाली. "चांगली मोठ्यानं."

संघातल्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. गोलशून्य सामन्यात पेनल्टी म्हणजे अंतिम फेरी जवळजवळ हातात. ताईनं हात वर केला.

"मॅडम, ती ओरडली होती. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

पंचबाई लगबगीनं तिच्यापाशी आल्या.

फाउल रद्द झाला. सरांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खेळवलं असतंत?"

"नसतंच खेळवलं!" सरांचा आवाज चिरकला. "मान मोडली असती तुझी. नाहीतर त्या पोरीची." मग बाटली तिच्या हातात देत, "पाणी घे."

शेवटच्या मिनिटाला चेंडू धाकटीच्या हाताखालून आत गेला. खुळखुळ्याचा आवाज जाळ्यात थांबला, तो ताईनं बाकावरून ऐकला. दुसऱ्या संघाचा जल्लोष सगळीकडून एकदमच आला.

मैदान रिकामं व्हायला लागलं तशी ती पोरगी कुणाचा तरी हात धरून आली. "त्या ताई कुठेत?"

"इथे," ताई म्हणाली. "टाके पडले?"

"दोन. ओठाला."

"दुखतंय?"

"बोलताना."

"मग कशाला बोलतेस?"

पोरगी हसली, लगेच कळवळली. जरा घुटमळली. "ताई, बसू का? कुठल्या बाजूला बसू?"

ताई डावीकडे सरकली, आणि उजवीकडची जागा तिनं हातानं पुसून दिली.